पत्रे लागण्याआधी

पनवेलच्या जुन्या गावठाणात, टपाल नाक्यापासून लाइन आळीपर्यंत, एखाद्या वाड्याच्या जागी इमारत येणार हे शेजाऱ्यांना कळते कधी? एके सकाळी जागेभोवती पत्रे लागतात तेव्हा. तोवर नकाशा मंजूर झालेला असतो, प्रीमियम भरलेला असतो, दुसरीकडून विकत घेतलेला विकास हक्क (टीडीआर) चढवलेला असतो, बांधकाम सुरू करण्याचा दाखला (सीसी) बिल्डरच्या हातात असतो. मग पत्र्यांवर परवानगीचा क्रमांक आणि आर्किटेक्टचे नाव असलेला फलक झळकतो. आता हरकत घ्यायची तर थेट कोर्टाची पायरी.

त्याच आवारातले आंब्याचे झाड तोडायचे असते तर? १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी लागते, झाडावरही ती चिकटवावी लागते, लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. हे योग्यच आहे. पण झाडाच्या जागी जे मजले उभे राहणार, त्यांच्याबद्दल शेजाऱ्याला साधा कागदही मिळत नाही. बांधकाम मोठे असले तरी फरक पडत नाही. २० हजार चौरस मीटरच्या पुढे पर्यावरण मंजुरी लागते खरी, पण २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेने इमारत प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळून टाकले आहे.

नागरिकाला तोंड उघडण्याची संधी मिळते ती विकास आराखड्यावर, म्हणजे साधारण वीस वर्षांतून एकदा. पनवेलकरांच्या वाट्याला तीही विचित्र वेळी आली. १८५२ पासून नगरपालिका मिरवणाऱ्या या गावाची २०१६ मध्ये महापालिका झाली, २९ गावे आणि सिडकोच्या वसाहती जोडल्या गेल्या. पण २०२२ च्या जुलैपासून सभागृहच नव्हते. शहराचा प्रारूप आराखडा प्रशासकांच्या काळात आला. ज्या नगरसेवकाच्या दारात जाऊन 'आमच्या गल्लीत हे आरक्षण कसले?' असे विचारायचे, तोच पदावर नव्हता.

जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर सभागृह नसल्याची सबब संपली. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणे सुरू आहेत, अटल सेतूने मुंबई जवळ आणली आहे, आणि पुनर्विकासाच्या फायली वाढतच जाणार आहेत. पनवेलने वाढू नये असे आमचे म्हणणे नाही. पडायला आलेल्या वाड्यात जीव मुठीत धरून राहणाऱ्याला नवे घर मिळालेच पाहिजे. पण नगररचना विभागाचे संगणक सामासिक अंतर मोजतात, चटईक्षेत्र (एफएसआय) मोजतात, पार्किंगचे चौकोन मोजतात. जुलैत गल्लीच्या कोणत्या टोकाला गटार उलटे वाहते, हे त्यांना ठाऊक नसते. देहरंग धरण आटले की कोणत्या आळीत पाणी शेवटी पोहोचते आणि टँकर कुठल्या वळणावर अडतो, हे तिथल्या माणसाला विचारावे लागते. २६ जुलै २००५ च्या पुरात गाढी नदीचे पाणी कुठवर चढले होते, हे सांगणारी माणसे अजून याच घरांत आहेत. नदीकाठच्या नव्या इमारतीच्या तळघराला परवानगी देण्याआधी त्यांचे दोन शब्द ऐकून घेतले तर महापालिकेचे काय बिघडणार आहे?

इंग्लंडमध्ये बांधकामाचा अर्ज आला की शेजाऱ्याला कळवतात किंवा जागेवर सूचना लावतात आणि किमान २१ दिवस हरकतींसाठी ठेवतात. तिथेही बिल्डर आहेत आणि इमारतीही उभ्या राहतात. आपल्याकडे २००९ मध्येच क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात आली. नगरसेवकाने आपल्या भागातल्या मतदारांना बोलावून बसावे, एवढे साधे काम. बहुतेक शहरांत ही तरतूद कागदावरच राहिली.

वेळ जाईल, दर वाढतील, हरकतींच्या नावाखाली खंडणीखोर उभे राहतील, असे विकासक म्हणतील. शेवटची भीती खोटी नाही. म्हणूनच हरकत लेखी, नावानिशी आणि सर्वांना दिसेल अशी हवी, आणि तिच्यावर अधिकाऱ्याचे उत्तरही तिथेच हवे. बंद फाइलभोवतीची कुजबुज खंडणीला जास्त पोसते. राहिला वेळेचा प्रश्न. नगररचना कायद्याने निर्णयाला ६० दिवस दिले आहेत, त्यानंतर परवानगी मिळाली असे मानले जाते. त्यातले पहिले १५ दिवस शेजाऱ्यांसाठी ठेवायला जागा आहे. अर्ज आला की त्याची माहिती मराठीत जागेवर आणि प्रभाग कार्यालयात लावायला मंत्रालयाकडे डोळे लावून बसण्याचीही गरज नाही. महासभेने तसा ठराव करावा आणि सुरुवात गावठाणातल्या पुनर्विकासापासून करावी.