पिल्लांची मस्ती आणि मेंदूची जडणघडण

बोईसरच्या बाजारपेठेत आमच्या एका स्नेह्यांच्या दुकानाबाहेर या हिवाळ्यात कुत्रीने चार पिल्ले दिली. सकाळी ती एकमेकांवर तुटून पडतात. एकाने कान जोरात चावला की दुसरे केकाटून बाजूला होते आणि चावणाऱ्याचा खेळ तेथेच थांबतो. पुढच्या वेळी त्याचा दात हलका लागतो. माझ्या नातवाने त्यांतील एक घरी आणण्याचा हट्ट धरला. पिल्लू जेमतेम महिन्याचे. मी थांबायला सांगितले. त्यामागे शास्त्र आहे आणि माझी एक जुनी चूकही.

कॅनडातील लेथब्रिज विद्यापीठात सर्जिओ पेलिस आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या पिल्लांचा दीर्घकाळ अभ्यास केला. प्रयोगासाठी मुक्या जीवांना कोंडणे मनाला रुचत नाही, तरी निष्कर्ष दुर्लक्षिण्याजोगा नाही. काही पिल्ले समवयस्कांसोबत वाढली, काही केवळ प्रौढ मादीसोबत. प्रौढ मादी फारशी खेळत नाही. खेळलेल्या पिल्लांच्या मेंदूच्या पुढील भागात, माळ्याने रोप छाटावे तशी, पेशींच्या जादा फांद्यांची छाटणी झालेली आढळली. आवेग आवरणे, समोरच्याचा कल ओळखून वागणे, हे याच भागाचे काम.

वासरांचेही तसेच. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या २०१४ मधील अभ्यासात एकेकटी ठेवलेली वासरे पहिला धडा शिकली. पण नियम उलटा करताच अडखळली. जोडीने वाढलेली वासरे लवकर सावरली. पांजरापोळांचा कारभार पाहणाऱ्या आपल्या मंडळींनी हे ध्यानात घ्यावे. वासराला चाऱ्यासोबत सवंगडीही हवा.

आता माझी चूक. बँकेच्या नोकरीत बदलीच्या गावी असताना मी वीस दिवसांचे पिल्लू आणून एकटेच वाढविले. दूध, औषध कशाचीच उणीव नव्हती. मोठेपणी मात्र ते प्रत्येक पाहुण्याला बिचके आणि बिचकले की चावे. शेजारच्या मुलाच्या हाताला टाके पडले, तेव्हा मी कुत्र्यालाच दोष दिला. वास्तविक दोष माझा होता.

आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकण्यास २०१७ च्या केंद्रीय नियमांनी पैदासकारांना मनाई केली आहे. आम्हीही तोवर थांबायचे ठरविले.

परवा नातवाने विचारले, “आजोबा, मग माझ्या खेळाच्या वेळेत गणिताचा जादा वर्ग कशाला?” मला उत्तर देता आले नाही. तो वर्ग आम्ही बंद केला.