सायकलीचा शिलालेख

अंबरनाथचं शिवमंदिर तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. ते किती जुनं, हे कसं कळलं? तिथल्या शिलालेखात शके ९८२ असं वर्षच कोरलेलं आहे. म्हणजे इसवी सन १०६०!

आता एखादी जुनी सायकल आठवा. आजोबा ज्या सायकलवरून ऑर्डनन्स फॅक्टरीत ड्युटीला जायचे, ती. तिचं वय काय? ‘खूप जुनी आहे’ हे काही उत्तर झालं नाही. सायकलीवरही लेख असतात, ते वाचायला शिकू या.

आधी एक लक्षात ठेवा, रंगावर आणि स्टिकरवर जाऊ नका. ते एका दिवसात नवे होतात. लोखंडावर ठोकलेली अक्षरं मात्र टिकतात.

नंबर : सायकल उलटी करा. पायडलचे क्रँक ज्या आडव्या नळीत बसतात, तिच्याखाली किंवा सीटच्या नळीवर नंबर असतो. तो म्हणजे वर्षच असं नाही, पण फ्रेमची ओळख तीच.

बिल्ला : हँडलखालचा बिल्ला वाचा. ‘हर्क्युलिस’ नाव इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या सायकलीवर असायचं आणि मद्रासजवळच्या अंबत्तूरच्याही. अंबत्तूरची टी. आय. सायकल्स ही कंपनी १९४९ साली स्थापन झाली. म्हणजे अंबत्तूरची सायकल त्याआधीची असूच शकत नाही!

हब : जुन्या रॅले सायकलीच्या मागच्या चाकात स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब असेल, तर त्यावर ‘५२’ आणि ‘३’ असे आकडे सापडतात. अर्थ सोपा आहे : मार्च १९५२.

इटलीच्या रेसिंग सायकलींचे शौकीन हेच करतात. कंपान्योलो कंपनीच्या सत्तरच्या दशकातल्या मागच्या गिअरवर ‘पेटंट’ या शब्दापुढे वर्षाचे दोन आकडे असतात. शिवाय ते क्रँकची आडवी नळी मोजतात. इटालियन नळी ७० मिलिमीटर रुंद, तर बहुतेक इंग्लिश रेसर सायकलींची ६८. दोन मिलिमीटरवरून देश कळतो!

पण थांबा. हब १९५२ चा निघाला, म्हणून सायकल १९५२ ची ठरते का? नाही! चाक नंतर बदललेलं असू शकतं. एका साक्षीदारावर निकाल देऊ नये. फ्रेम, बिल्ला, हब या तिघांची साक्ष जुळली, तरच वय सांगावं.

पुण्यात विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचं संग्रहालय उभारलं, ते अशाच सायकली जपून. आपल्याकडे मात्र त्या किलोच्या भावाने भंगारात जातात. एकदा फ्रेम वितळली, की तिचा लेखही गेला. तेव्हा आई-बाबांना सांगा : विकायची तर विका, पण आधी वाचू द्या.

करून पाहा : नंबरावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासा. नाण्याचा ठसा घेतो ना, तसाच. रंग मात्र खरवडू नका, आकडे झिजतात. ठसा वहीत चिकटवा आणि खाली सायकल कोणी, कधी, कुठून घेतली ते आजोबांना विचारून लिहा. स्वतःच्या नव्या सायकलीचाही नंबर उतरवून ठेवा. उद्या ती चोरीला गेली, तर पोलीस पहिला प्रश्न हाच विचारतील!