चाल घ्यावी, नाव लपवू नये



एखादे गाणे गाजले की कुणीतरी त्याचे मूळ शोधून काढतो आणि चोरीचा गिल्ला सुरू होतो. त्यावरचे उत्तरही ठरलेले असते: सूर सातच आहेत, सगळेच कुठून ना कुठून घेतात. मी अनेक वर्षे नाट्यगीतांना हार्मोनियमची साथ करतो आहे आणि मला या दोन्ही बाजू पटत नाहीत. चाल घेणे हा गुन्हा नाही. घेतली हे दडवणे हा मात्र नक्कीच अन्याय आहे, आणि तो बहुतेक वेळा ज्याला दाद मागता येत नाही त्याच्यावरच होतो.

मराठी संगीत नाटक तर उघड उघड उसन्या चालींवर उभे राहिले. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' (१८८०) आणि 'सौभद्र' (१८८२) रचले तेव्हा कानडी चाली घेतल्या, साकी, दिंडी, लावणी घेतली. 'मानापमान'साठी (१९११) गोविंदराव टेंबे यांनी पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्याकडे धाव घेतली. 'स्वयंवर'मध्ये (१९१६) भास्करबुवा बखले यांनी रागदारी बंदिशी रंगमंचावर आणल्या. यात कुणाला कमीपणा वाटला नाही. नाटकांची जुनी पुस्तके उघडून पाहा. पदाच्या डोक्यावर बारीक टाइपात राग आणि ताल छापलेला असतो आणि त्याच्या शेजारी 'चाल' म्हणून मूळ गाण्याचे पहिले शब्द. कुठल्या चालीवर पद बेतले आहे हे वाचकाला विकत घेतलेल्या पुस्तकातच कळत असे. गाणाऱ्याच्या सोयीसाठी ही ओळ येत असेल, पण त्या सोयीतच प्रामाणिकपणाही होता.

आणि अशी घेतलेली चाल म्हणजे नुसती नक्कल नव्हे. मूळ बंदिशीत समेवर लांब आकार येत असेल तर मराठी शब्दातही तिथे 'आ'च लागतो. ऱ्हस्व अक्षर आले की गायकाचा जीव कोंडतो. 'मानापमान' आणि 'स्वयंवर' लिहिणाऱ्या खाडिलकरांच्या काही पदांतली शब्दयोजना ओढाताणीची वाटते, त्याचे एक कारण हेच: शब्द चालीबरहुकूम बसवावे लागले. वाजवताना बोटांखाली ही कसरत जाणवते. एका भाषेतली ठुमरी दुसऱ्या भाषेतल्या नायिकेच्या तोंडी शोभावी म्हणून किती मेहनत लागते ते पाहिल्यावर टेंब्यांना कुणी चोर म्हणाले तर मला ते सहन होणार नाही.

पण याच परंपरेत 'एकच प्याला'ही (१९१९) आहे. नाटक गडकऱ्यांचे, पदे वि. सी. गुर्जरांची, चाली दिल्या सुंदराबाईंनी. आज शंभर रसिकांना विचारा. गडकरी सांगतील, बालगंधर्व सांगतील. सुंदराबाईंचे नाव फार थोड्यांच्या ओठी येईल. ज्या सुरांवर या नाटकाच्या नायिकेचे, सिंधूचे, दुःख तोलले गेले ते सूर देणारी गायिका विस्मरणात जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

राग सर्वांचा आहे, हे मला मान्यच. यमनात 'नि रे ग' येणारच, त्यावर कुणी हक्क सांगू नये. ओवीची, दिंडीची चालही गावोगावची. पण बंदिशीला कर्ता असतो, आणि आपल्या बुजुर्गांनी तो ओळखता यावा म्हणून बंदिशीतच आपली मुद्रा विणून ठेवली: सदारंग, प्रेमपिया, गुणीदास, रामरंग. ही मुद्रा बहुधा अंतऱ्यात असते. आता मैफलीत पुष्कळदा स्थायीवरच विस्तार होतो, अंतरा उरकला जातो किंवा गाळलाच जातो, आणि त्याबरोबर कर्त्याचे नावही गळते. कायद्याने यात काही बिघडत नाही. सदारंगांना जाऊन अडीचशेहून अधिक वर्षे झाली. तरीही गायकाने दोन शब्दांत नाव सांगितले तर काय जाते?

नाव दडवल्याने काय होते याचे उदाहरण दक्षिण आफ्रिकेतले आहे. सॉलोमन लिंडा या झुलू गायकाने १९३९ साली जोहान्सबर्गमध्ये 'म्बुबे' हे गाणे ध्वनिमुद्रित केले. त्याच सुरावटीवरचे 'द लायन स्लीप्स टुनाइट' १९६१ मध्ये अमेरिकेत तुफान गाजले. लिंडा १९६२ साली गरिबीतच वारला. पुढे ते गाणे 'द लायन किंग'मध्ये आले, आणि वारसांना तडजोडीचे पैसे मिळाले ते २००६ मध्ये. उलट हिंदी चित्रपटांचे संगीतकार बप्पी लाहिरींनी २००३ साली अमेरिकेच्या न्यायालयातून 'थोडा रेशम लगता है'चे श्रेय मिळवले. ते नामांकित होते, त्यांच्यामागे वकील होते. आपल्या वासुदेवाला, भारुड म्हणणाऱ्याला, फडातल्या लावणी गायिकेला कुठला वकील? १९५७चा कॉपीराइट कायदा आणि २०१२ची दुरुस्ती गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा हक्क देते, ही चांगली गोष्ट आहे. पण ज्याचे नावच कुठे नोंदलेले नाही त्याला तिचा उपयोग नाही. म्हणून कायदा मोकळीक देतो तिथेही श्रेय देण्याची जबाबदारी घेणाऱ्याचीच राहते.

आजच्या गाण्यांच्या अॅपवर गीतकार आणि संगीतकार यांची नावे येतात, ध्वनिमुद्रण करणाऱ्या कंपनीचे नाव येते. त्यात 'मूळ चाल' ही एक ओळ वाढवायला फार खर्च येणार नाही. लोकगीतावर बेतले असेल तर कुठल्या भागातले, कुणाकडून ऐकले, एवढे तरी लिहावे. नाट्यपदांच्या काही नव्या संकलनांतून ती जुनी 'चाल'ची ओळ वगळलेली मी पाहिली आहे. प्रकाशकांनी ती परत छापावी. नाट्यसंगीत स्पर्धांत मुले नाटकाचे, कवीचे, रागाचे नाव घडाघडा सांगतात. संयोजकांनी यंदापासून त्यांना चाल कुणाची आहे हेही सांगायला लावावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक हार्मोनियमवादक, सांगली