देशप्रेमाचा दाखला कोण देणार?



जातीचा दाखला काढायचा म्हटला की सेतू केंद्रात अर्ज भरावा लागतो, आजोबांच्या शाळेचा जुना कागद शोधावा लागतो, कामाचा रोज पाडून दोन-चार चकरा माराव्या लागतात, आणि एकदाचा तो हाती पडतो. परंतु आपल्या समाजाकडे आणखी एक दाखला सतत मागितला जातो. त्याचे कार्यालय कोठे आहे हे कोणालाच ठाऊक नाही. त्यावर सही कोणाची लागते हेही ठाऊक नाही. आणि कितीही वेळा दिला तरी पुढच्या पंधरा ऑगस्टला तो पुन्हा नव्याने मागितला जातो. तो म्हणजे देशप्रेमाचा दाखला. पानठेल्यावर, एस.टी.त, कापूस मोजायला गेले तेथे कोणीतरी सहज म्हणून जातो, "तुम्ही लोक सदानकदा जयभीम म्हणता, मग देशाचं काय?" विचारणाऱ्याला वाटते, आपण फार मोठा प्रश्न टाकला. ऐकणारे आपले बापडे घरी येते आणि रात्रभर कूस बदलते.

आमच्या माहितीतली एक मुलगी यवतमाळ जिल्ह्यातल्याच एका गावची. वडील हमाली करतात, आई निंदणाला जाते. प्रजासत्ताक दिनाच्या भाषणासाठी तिने चार पाने लिहिली. त्यात घटना कशी तयार झाली ते होते, आणि महाडच्या पाण्याचा एक परिच्छेद होता. तिच्या गुरुजींनी लाल शाईने नेमका तोच परिच्छेद खोडला. म्हणाले, "आजच्या दिवशी हे नको. आज देशाबद्दल बोल." मुलीने घरी येऊन आईला विचारले, "आई, महाड देशात नाही का?" आई शिकलेली नाही. ती म्हणाली, "बाई, मले वाटते आहे. पण त्यायले इचारून पाय." आम्ही हा प्रश्न ऐकला तेव्हापासून तो डोक्यातून गेलेला नाही. आपली जखम सांगणे म्हणजे देशाच्या विरुद्ध बोलणे, हे कोणी ठरवले?

हा प्रश्न आपल्या एकट्याचा नाही. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत काळ्या लोकांना तो पिढ्यान् पिढ्या विचारला गेला आहे. बाबासाहेब १९१३ साली शिकायला गेले ते त्याच देशात, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात. पुढे १९४६ साली त्यांनी तेथील काळ्यांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले होते. संयुक्त राष्ट्रसंघाकडे काळ्यांच्या वतीने जे निवेदन जाणार होते त्याची प्रत त्यांनी मागितली होती, आणि डुबॉइस यांचे उत्तरही आले होते. दोन दुखणाईतांनी एकमेकांना औषध विचारावे, तसे ते होते.

त्याच १९४६ सालची एक हकीकत आपल्या घरातल्या मुलांना अवश्य सांगावी. आयझॅक वुडार्ड नावाचा काळा सैनिक दुसऱ्या महायुद्धात देशाची नोकरी करून सुटला. १२ फेब्रुवारी रोजी तो बसने घरी निघाला होता. अंगावर सैन्याचा गणवेश होता. वाटेत लघवीला जाऊ द्या म्हणाला, त्यावरून ड्रायव्हरशी बोलाचाली झाली. पुढच्या गावी ड्रायव्हरने पोलिसांना बोलावले. पोलीसप्रमुखाने त्याला दंडुक्याने असे मारले की त्याचे दोन्ही डोळे कायमचे गेले. ज्या देशासाठी तो लढायला गेला त्या देशाच्या शत्रूला त्याचे डोळे घेता आले नव्हते. ते घेतले आपल्याच देशाच्या पोलिसाने. आणखी कोणता दाखला त्याने द्यायचा होता? त्या पोलीसप्रमुखावर खटला चालला आणि सर्व गोऱ्यांच्या ज्युरीने त्याला थोड्याच वेळात निर्दोष सोडून दिले.

पण गोष्ट तेथे संपली नाही. ऑर्सन वेल्स नावाच्या नामांकित गोऱ्या नटाने रेडिओवरून ही हकीकत आठवड्यामागून आठवडा साऱ्या देशाला ऐकवली. घराघरात ती पोहोचली. अध्यक्ष ट्रूमन यांच्या कानावर गेली. सैन्यातला काळा-गोरा भेद मोडणारा हुकूम त्यांनी २६ जुलै १९४८ रोजी काढला, त्यामागे जी कारणे होती त्यांत वुडार्डचे गेलेले डोळेही होते. यावरून दोन गोष्टी कळतात. एक, गणवेश घातला म्हणून भेद जात नाही. दुसरी, हकीकत सांगणारे तोंड मिळाले तर सरकारलाही हलावे लागते.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या वाडवडिलांनी सैन्यात काय कमी केले? बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी महारांची भरती बंद झाली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा पलटण उभी केली, युद्ध संपल्यावर ती मोडली. गरज सरो, वैद्य मरो! शेवटी १९४१ च्या ऑक्टोबरमध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांची खटपट होती. ही रेजिमेंट आजही आहे. तिची युद्धघोषणा कोणती, ठाऊक आहे? "बोलो हिंदुस्थान की जय!" देशाचे काय म्हणून विचारणाऱ्याला एवढे एकच वाक्य शांतपणे सांगावे आणि आपला चहा प्यावा.

देशप्रेम मोजण्याचे माप कसे दुहेरी असते, त्याचे उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. १९३० च्या जुलैमध्ये पुसदजवळ लोकनायक बापूजी अणे यांनी जंगल सत्याग्रह केला. सरकारी जंगलातले गवत कापून कायदा मोडला. त्याची नोंद देशभक्तीच्या इतिहासात झाली, आणि ती योग्यच झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तेथेही माणसे निःशस्त्र होती, तेथेही मार खाल्ला गेला. परंतु गवत कापणारा देशभक्त, आणि माणूस म्हणून दार उघडा म्हणणारा मात्र फूट पाडणारा! हे कोणते गणित? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नागपूरला अस्पृश्यांची अखिल भारतीय परिषद भरली. बाबासाहेब अध्यक्ष होते. इंग्रज सरकारने अस्पृश्यांसाठी काय केले, असा जाब त्यांनी तेथे विचारला आणि लोकांच्या हाती सत्ता आल्याखेरीज आपले दुःख सुटणार नाही असे बजावले. बाबासाहेब इंग्रजधार्जिणे होते असे म्हणणारांनी ते भाषण एकदा वाचावे.

पुढच्याच वर्षी, १४ ऑगस्ट १९३१ रोजी, मुंबईत मणिभवनात गांधीजींची व त्यांची भेट झाली. आपल्याला मायदेश नाही, असे बाबासाहेब तेथे म्हणाले. हे वाक्य आजही त्यांच्या विरुद्ध वापरले जाते. पण ते का म्हणाले? जेथे कुत्र्या-मांजराइतकी किंमत नाही, पाणी मिळत नाही, त्या भूमीला आपली कशी म्हणावी, हा त्यांचा सवाल होता. तो देशाचा द्वेष नव्हता. आईने जेवू घातले नाही म्हणून रडणाऱ्या लेकराला आईचा वैरी म्हणत नाहीत. आणि पुढे झाले काय? मायदेश नाही म्हणणाऱ्या याच माणसाने सबंध देशाची घटना लिहायला आपली प्रकृती झिजवली. याहून मोठा दाखला कोणत्या देशभक्ताने दिला आहे?

स्वातंत्र्यदिनाचे दुःख सांगणारा दुसरा माणूस म्हणजे राजा ढाले. १५ ऑगस्ट १९७२ च्या 'साधना' साप्ताहिकात त्यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख आला. राष्ट्रध्वजाच्या अपमानाला तीनशे रुपये दंड आणि दलित स्त्रीची अब्रू घेणाऱ्याला पन्नास रुपये, हा हिशेब त्यांनी मांडला. मांडताना भाषा जहाल वापरली. महाराष्ट्रात वादळ उठले. चर्चा झाली ती ध्वजाची आणि भाषेची. त्या पन्नास रुपयांची चर्चा किती झाली? भाषा आवडो न आवडो, हिशेब कोणी खोडून काढला नाही. याच्या बरोबर १२० वर्षे आधी, ५ जुलै १८५२ रोजी, गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या निमित्ताने असेच विचारले होते, की हा सण गुलामाच्या काय कामाचा? आणि २०१६ साली कॉलिन केपरनिक हा काळा फुटबॉलपटू पोलिसी अत्याचाराच्या निषेधार्थ राष्ट्रगीताच्या वेळी गुडघ्यावर बसला, तेव्हा तेथेही चर्चा गुडघ्याचीच झाली. मारल्या गेलेल्या माणसांची कमी झाली. पुढच्या वर्षापासून त्याला कोणत्याच संघाने घेतले नाही. देश बदलतो, साल बदलते. मूळ तक्रार बाजूला सारण्याची रीत तीच राहते.

ही रीत चालते कशामुळे? बातमी कोणाच्या हातात आहे, यामुळे. बाबासाहेबांनी हे फार लवकर ओळखले होते. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला, त्याला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. आणि 'केसरी'ने मात्र पैसे देऊनही त्याची जाहिरात छापली नाही. बातमी तर दूरच, पैसे मोजून घेतलेली चार ओळींची जागासुद्धा नाही! म्हणून मग 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत' अशी पत्रे चालवावी लागली. अंगावर कर्ज घेऊन, एकहाती मजकूर लिहून चालवावी लागली.

आणि स्वातंत्र्यानंतर तरी जागा मिळाली काय? भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी सुरेखा, प्रियंका, सुधीर आणि रोशन भोतमांगे यांची हत्या झाली. त्यानंतर चारच दिवसांत धम्मदीक्षेच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त दीक्षाभूमीवर लाखो लोक जमले. भंडारा नागपूरच्या शेजारचा जिल्हा. तरीही आलेल्यांपैकी बहुतेकांना खैरलांजी माहीत नव्हती. वर्तमानपत्रांतून जे थोडे आले त्यात मेलेल्या आईच्या चारित्र्यावरच शिंतोडे होते. कार्यकर्त्यांनी गावात जाऊन माहिती काढली, फोटो आणि पत्रके हातोहात फिरवली, बायका रस्त्यावर उतरल्या, तेव्हा कोठे नोव्हेंबरात विदर्भ पेटला आणि मोठ्या पत्रांना जाग आली. जाग आली ती कशी? आंदोलनामागे नक्षलवादी असल्याची सरकारी भाषा ठळक अक्षरांत आली! म्हणजे आधी बातमी नाही, आणि आली तेव्हा रडणारेच संशयित. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, परंतु ॲट्रॉसिटीचा कायदा लागला नाही. २०१० साली उच्च न्यायालयाने फाशीच्या शिक्षा पंचवीस वर्षांच्या कैदेवर आणल्या. भैयालाल भोतमांगे २०१७ च्या जानेवारीत न्यायाची वाट पाहत गेले.

मग उपाय काय? तो एका सतरा वर्षांच्या मुलीने दाखवून दिला आहे. २५ मे २०२० रोजी अमेरिकेत मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या मानेवर पोलिसाने गुडघा दाबून ठेवला व तो मेला. पोलिसांनी पहिले पत्रक काढले ते प्रकृती बिघडून माणूस दगावला, अशा अर्थाचे. उद्याच्या पेपरात तेवढेच छापून आले असते. पण दार्नेला फ्रेझर ही मुलगी रस्त्यात उभी राहिली, हात न हलवता तिने मोबाईलवर सगळे टिपले. पत्रक खोटे ठरले, पोलीस तुरुंगात गेला. २०२१ साली पत्रकारितेचा पुलित्झर सन्मान त्या मुलीला मिळाला. ती पत्रकार नव्हती. शाळकरी पोर होती.

बंधू-भगिनींनो, आज आपल्या घराघरात मोबाईल आहे. पण त्याचा उपयोग आपण कसा करतो? कोठून तरी आलेला जुना व्हिडिओ खातरजमा न करता पुढे ढकलतो. त्याने वस्तीत आग लागते आणि खरी तक्रार खोटी पडते. तसे करू नये. अन्याय घडला तर तारीख, वेळ, ठिकाण आणि पाहणाऱ्यांची नावे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावी. तक्रार दिली की तिची पोच मागून घ्यावी. व्हिडिओ काढला तर मूळ प्रत जपून ठेवावी. पीडित बाईचा चेहरा आणि नाव कोठेही पसरवू नये. ज्या वर्तमानपत्राने खोटे छापले त्याला संतापून शिव्या न देता दोन ओळींचे सहीचे पत्र पाठवावे, एकाने नव्हे, वस्तीतल्या पन्नास जणांनी. आणि आपल्या पत्रांची वर्गणी वेळेवर भरावी. 'मूकनायक' वर्गणीअभावी बंद पडले याचे दुःख दर चौदा एप्रिलला भाषणात सांगायचे आणि घरी येणाऱ्या अंकाचे पैसे थकवायचे, हे काही बरे नाही.

राहता राहिला देशप्रेमाचा दाखला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी बजावून सांगितले होते, की बंधुता नसेल तर समता आणि स्वातंत्र्य टिकणार नाही. राष्ट्र म्हणजे नकाशा नव्हे. एकमेकांचे दुःख आपले वाटणे म्हणजे राष्ट्र. तेव्हा महाडचे पाणी, खैरलांजीचे रक्त सांगणारा माणूस देशाविरुद्ध बोलत नाही. राष्ट्र जेथे अपुरे राहिले आहे ती जागा तो दाखवतो. घराची भिंत खचली असे सांगणारा घराचा शत्रू नसतो. शत्रू असतो तो, खचलेल्या भिंतीवर पताका लावून गप्प बसणारा.

येत्या पंधरा ऑगस्टला आपल्या मुलामुलींनी झेंडा अभिमानाने फडकवावा. त्यातले अशोकचक्र आपल्या बुद्धाच्या धम्माचे आहे. आणि भाषणात महाडचा परिच्छेद अवश्य ठेवावा. कोणी खोडला तर पाठ करून म्हणावा. तोंडचा शब्द लाल शाईने खोडता येत नाही.

जयभीम! जय भारत!