जे गॅरिकचे वय

सप्टेंबर १९६१ च्या 'द फ्लॅश' क्रमांक १२३ मधील कथेने अमेरिकन चित्रकथांत समांतर विश्वे रुजवली. जुन्या-नव्या नायकांची सांगड घालणारी संपादकीय सोय, एवढेच तिचे वर्णन आम्हांस अपुरे वाटते.

बॅरी अ‍ॅलन मुलांपुढे दोरीचा खेळ करताना कंप पावत दुसऱ्या पृथ्वीवर पोचतो. तेथे जुना फ्लॅश, जे गॅरिक, हयात आहे. बॅरीने त्याच्या चित्रकथा वाचलेल्या; 'फ्लॅश' हे नावही तिथूनच उचललेले! त्या लिहिणाऱ्या गार्डनर फॉक्सला झोपेत या पृथ्वीची चाहूल लागत असावी, असा बॅरीचा तर्क. गंमत अशी, की जेचा एक जनक आणि प्रस्तुत कथेचा लेखक हाच फॉक्स.

'फ्लॅश कॉमिक्स' १९४९ साली बंद पडले होते. आता जे विवाहित आहे, त्याची कानशिले पांढरी झाली आहेत (कार्माइन इन्फान्टिनोने ती आवर्जून रेखाटली आहेत). वाचक गेले तरी पात्राचे वय वाढत राहिले, ही फॉक्सची खरी कल्पना; कंपनांचे शास्त्र केवळ निमित्त. पिरान्देल्लोची पात्रे लेखकाच्या शोधात निघतात. जेला लेखकाची गरजच उरलेली नाही. वर्गात ही दोन्ही शेजारी ठेवून शिकवायला काय हरकत आहे?

पुढे १९८५-८६ च्या 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स'ने कालक्रम सुटसुटीत करण्यासाठी पृथ्व्या एकत्र केल्या. जे वाचला, पण बॅरीच्याच जगातला पूर्वसुरी म्हणून. लहानपणी ज्याची गोष्ट वाचली त्याच्या दारात जाऊन उभे राहणे त्या एकसंध जगात कोणालाच शक्य राहिले नाही.