सुगंध दशमीचा जमाखर्च



दशलक्षण पर्व जवळ आलं की आमच्या महिला मंडळाची वही कपाटातून बाहेर निघते. बी.कॉम. होऊन मी नोकरी काही केली नाही, पण मंडळाचा हिशोब मात्र माझ्याकडेच आला. मागच्या वर्षी त्या वहीत धूपाचा खर्च निम्म्यावर उतरला होता. "दशांगी धूप, एकदम शुद्ध" म्हणून स्वस्तात पुडे मिळाले आणि आम्ही सगळ्याजणी खूश!

सुगंध दशमीला त्या स्वस्ताईचा वास आला. धूपघटात एकेक जण मूठमूठ धूप घालत होती आणि मंडप काळ्या धुराने भरत होता. डोळे चुरचुरायला लागले. उपवास धरलेल्या एका आजींना खोकल्याची अशी उबळ आली की दोघींनी धरून त्यांना बाहेर ओट्यावर आणून बसवलं. त्या दिवशीचा धर्म होता उत्तम संयम!

घरी आल्यावर उरलेला पुडा मी पातेलंभर पाण्यात रिकामा केला. लाकडाचा भुसा वर तरंगला, कोळशाची भुकटी तळाशी बसली आणि पाण्यावर अत्तराचा तवंग आला. डिंक औषधालाही नव्हता. दुकानदाराला काय बोलणार? स्वस्त मागितलं आम्हीच.

म्हणून यंदा आधीच लिहिते. धूप चिमूटभर वाहा, पण खरा वाहा. आणि तो कुठल्या झाडाचा, कसा काढलेला, हे विचारून आणा.

आपल्या बोलण्यात ऊद, लोबान, राळ, गुग्गुळ सगळं एकच होऊन जातं. बाजारात लोबान म्हणून बऱ्याचदा सुमात्राकडचा ऊद मिळतो. राळ सालवृक्षाची. गुग्गुळ कच्छ-राजस्थानातल्या काटेरी झुडपाचा, आणि डिंकासाठी ओरबाडून ते झुडूप आता नामशेष व्हायच्या वाटेवर आहे. आपल्याकडचा धूप म्हणजे सालईचा डिंक. संस्कृतात झाड शल्लकी आणि डिंक कुंदुरू. ओमानचा जगप्रसिद्ध लोबान ज्या झाडाचा, त्याची ही चुलत बहीण. सातपुड्यात, मेळघाटात खडकाळ उतारावर ती वाढते. सालीचे कागदासारखे पापुद्रे सुटतात. हत्तीला तिचा पाला आवडतो, म्हणून तिला गजभक्ष्या असंही नाव आहे.

डिंक काढतात तो पावसाळा संपल्यावर, साधारण नोव्हेंबरपासून जूनपर्यंत. खोडाची साल पातळ तासतात. तिथून चिकट, सोनेरी डिंक पाझरतो. तो खरवडून बांबूच्या टोपलीत महिनाभर ठेवतात, पातळ रस निथळतो आणि उरलेला वाळून घट्ट होतो. एका झाडाचा डिंक वर्षाला किलो-दीड किलो. आता हिशोब बघा. आमच्या मंडळाने दहा दिवसांत तीन किलो धूप जाळला. तो खरा असता, तर दोन-तीन झाडांची वर्षाची कमाई आम्ही खोकत खोकत संपवली असती.

पाठशाळेच्या भिंतीवरचं लेश्यावृक्षाचं चित्र आठवतं ना? सहा भुकेले वाटसरू आणि एक जांभळाचं झाड. एकाला झाड मुळापासून तोडायचंय, दुसऱ्याला मोठ्या फांद्या, तिसऱ्याला डहाळ्या, चौथ्याला घोस. पाचवा फक्त पिकलेली फळं तोडू म्हणतो. सहावा म्हणतो, खाली पडलेली आहेत तेवढी पुरेत. फळ सगळ्यांना हवंय, लेश्या मात्र वेगळी.

सालईलाही हे सगळे वाटसरू भेटतात. नेपानगरच्या कारखान्यात वर्तमानपत्राच्या कागदासाठी सालई तोडली गेली, तो पहिला वाटसरू. साल खोलवर खरडून, पुन्हा पुन्हा घाव घालून झाड सुकवणारा दुसरा-तिसरा. बेताने तासणारा, जखम भरू देणारा आणि झाडाला विश्रांती देणारा पाचवा. आफ्रिकेतल्या लोबानाच्या झाडांवर 2019 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या बऱ्याच रानांत कित्येक दशकांत नवीन रोपच वाढलेलं नाही. गुरांची चराई, वणवे आणि वारेमाप घाव, ही कारणं.

धूप आपण अष्टकर्मांच्या दहनासाठी वाहतो. एकेंद्रिय जीवाला ओरबाडून आणलेल्या डिंकाने जुनं कर्म जळेल की नवं बांधलं जाईल?

एक मैत्रीण म्हणाली, "काकू, इतकं खोलात शिरलं तर पूजाच करायला नको!" असं कसं? आपण पाणी गाळून पितो, म्हणून पाणी पिणं सोडलं का? जपून वापरायला शिकलो. डिंकावर जंगलातल्या माणसांचं पोटही आहे, तेव्हा घेणं बंद करा असं मी म्हणत नाही. ज्या घरांत धूप अग्नीत न टाकता नुसता ताटात वाहतात, त्यांच्याशीही माझा वाद नाही. भाव एकच.

आता थोडं घरातलं. बाळ-बाळंतिणीच्या धुरीवरून माझं नि सूनबाईचं वाजलं होतं. "आमची मुलं काय धुरीशिवाय वाढली?" असं मी म्हटलं आणि चार दिवस गाल फुगवून बसले. डॉक्टरांनीच समजावलं की तान्ह्याच्या छातीला कुठलाच धूर चांगला नाही, मग तो शुद्ध धूपाचा का असेना. चूक माझी होती. बायांनो, बाळाच्या खोलीत शेगडी नेऊ नका.

गुडघ्यांसाठी म्हणाल, तर शल्लकीच्या गोळ्यांवर नागपूरच्या डॉक्टरांनी 30 रुग्णांवर केलेला अभ्यास 2003 मध्ये छापून आला. वेदना आणि सूज कमी झाली. पण अभ्यास लहान, आणि पोट बिघडू शकतं. डॉक्टरांना विचारूनच घ्या.

खरा डिंक ओळखायला सोपा. भुकटी घेऊच नका, खडे घ्या. खडा पाण्यात घासला की पाणी दुधाळ होतं. निखाऱ्यावर तो आधी वितळतो, मग पांढरा धूर आणि लिंबाच्या सालीसारखा हलका वास येतो.

आपल्याच जिल्ह्यात कुंथलगिरीवर 1955 च्या भाद्रपदात आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखनेने देह ठेवला. असं सोडणं आपल्याला कुठलं जमायला! पण मूठ सोडून चिमटीवर येणं तर जमेल?

यंदा मंडळाच्या वहीत मी लिहून ठेवलंय: धूप, सालईचे खडे, अर्धा किलो. खर्च मागच्या वर्षीइतकाच बसतोय. आणि त्या आजींची जागा पुढच्या रांगेत राखून ठेवली आहे.