शाल-श्रीफळ हवंच, पण शाल कुठली?

मंडळी, स्पष्टच लिहिते. राग आला तरी चालेल.

सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा काढली, १९१६ ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद इथेच भरली, हे आपण बडोदेकर मराठी कौतुकानं सांगतो. आणि आज गायकाच्या खांद्यावर काय घालतो? गठ्ठ्यानं आणलेली, प्लास्टिकच्या पिशवीतली चकचकीत शाल!

मी इथे तरसालीत त्रितालाची शाल विणलीय. समेला लाल, पाचव्या आणि तेराव्या मात्रेच्या टाळीला पिवळी, नवव्या मात्रेच्या खालीला पांढरी, बाकी सगळी गडद निळी लोकर. प्रत्येक मात्रेला दोन सुया, म्हणजे रंग बदलताना धागा त्याच काठाला परत येतो. ३२ सुयांचं एक आवर्तन, अशी २० आवर्तनं, सुईवर १२० टाके. करा हिशेब: ७६,८०० टाके! एका सत्कारासाठी देऊ केली, तर उत्तर आलं, "काकू, टाइमपास छान आहे, पण स्टेजवर जरा भारी हवी."

टाइमपास? तबलजीनं मात्रा मोजल्या की साधना, बाईनं मोजल्या की टाइमपास! आणि "बडोद्यात थंडी कुठे?" हेही ऐकवू नका. सत्काराची शाल थंडीसाठी नसतेच.

दहा शाली वाटण्याऐवजी एकच द्या, पण हातची द्या. लोकरीचे आणि मेहनतीचे पैसे मोजून घ्या ती. "घरचंच तर काम आहे" म्हणून फुकटात मागू नका.